क्षमा आणि नागरिकत्व

प्रार्थनामंदिरात बाँब फुटला, उपासनेसाठी जमलेली माणसे मेली, आणि दोन दिवसांनी त्याच मंदिराच्या अंगणात उभे राहून तेथील पाळकाने मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, अशी बातमी वर्तमानपत्रात वाचली म्हणजे मनात आदर उत्पन्न होतो, थोडे आश्चर्यही वाटते, आणि पान उलटले जाते. दहशतीला ख्रिस्ती माणसाने द्यावयाचे उत्तर ते हेच आणि एवढेच, असा समज या आदरातूनच रूढ झाला आहे. क्षमा हा त्या उत्तराचा गाभा आहे, हे मी मान्य करतो. परंतु क्षमा केल्यानंतर तो मनुष्य जातो कोठे, आपल्या वस्तीच्या भिंतीआड, समुद्रापलीकडच्या एखाद्या सुरक्षित देशात, की पुन्हा त्याच बाजारात, त्याच कचेरीत, त्याच न्यायालयाच्या पायऱ्यांवर, हा प्रश्न वर्तमानपत्रे विचारीत नाहीत आणि वाचकालाही सहसा सुचत नाही. या संग्रहातील निबंध त्या प्रश्नाभोवती लिहिले गेले आहेत, आणि त्याचे जे उत्तर मला त्यांत दिसले ते आरंभीच सांगून टाकतो: सार्वजनिक जीवनातील आपली जागा न सोडणे, आणि आपल्यासाठी जो हक्क मागायचा तोच शेजाऱ्यासाठीही मागणे, हे क्षमेहून अधिक कठीण असे ख्रिस्ती उत्तर आहे, आणि ज्यांनी ते दिले त्यांना त्याची किंमत बहुधा प्राणांनी मोजावी लागली.

संग्रहाचे क्षेत्र एका देशापुरते, म्हणजे पाकिस्तानापुरते, बुद्ध्याच मर्यादित केले आहे. तेथील ख्रिस्ती समाज लोकसंख्येच्या दीड टक्क्याहूनही कमी आहे. परंतु ज्या दंडसंहितेखाली तो भरडला जातो तिचा मूळ मसुदा आणि आपल्या जुन्या दंडसंहितेचा मसुदा एकच, ज्या जातिव्यवस्थेतून तो समाज बाहेर पडला ती आपल्याही ओळखीची, आणि ज्या फाळणीने त्याचे भवितव्य ठरवले तिची झळ आपल्याही घरांना लागलेली. एका गैरसमजाचा बंदोबस्त मात्र आधीच केला पाहिजे. या पानांतून मुसलमान समाजावर फेकण्यासाठी दगड गोळा करावेत अशा अपेक्षेने कोणी हे पुस्तक हाती घेतले असेल, तर त्याची निराशा होईल. पुढे जिची हकीकत येते त्या आरोपी ख्रिस्ती स्त्रीसाठी प्राण देणारा राज्यपाल मुसलमान होता, तिचे वकीलपत्र घेणारा वकील मुसलमान होता, तिला निर्दोष ठरवणारे तिन्ही न्यायमूर्ती मुसलमान होते, आणि धर्मनिंदेच्या कायद्याखाली आजवर ज्यांच्यावर आरोप झाले त्यांत सर्वांत मोठी संख्याही मुसलमानांचीच आहे.

या समाजाचा उगम ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या दुःखाचे स्वरूप कळत नाही. १८७३ साली सियालकोट जिल्ह्यातील दित्त नावाच्या एका गृहस्थाने अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला. हा दित्त चुहडा या झाडूकाम करणाऱ्या जातीचा, पायाने अधू, गावोगाव हिंडून कातड्यांची खरेदी-विक्री करणारा. बाप्तिस्मा घेतलेल्याने मिशनच्या आवारात, गोऱ्या पाद्र्याच्या छत्राखाली राहावे ही त्या काळची वहिवाट. परंतु दित्तने ती मोडली आणि तो सरळ आपल्या गावी, आपल्या जातभाईंत परत गेला. भाऊबंदांनी त्याला वाळीत टाकले, त्याची निर्भर्त्सना केली. तरी तो तेथून हलला नाही, आणि काही महिन्यांनी आपली बायको, मुलगी व शेजारी यांना घेऊन कित्येक कोस पायी चालत पुन्हा सियालकोटला आला. पुढील पन्नास-साठ वर्षांत पंजाबातील चुहडा समाजाचा फार मोठा भाग या वाटेने ख्रिस्ती झाला. साधारण त्याच दशकांत आपल्याकडे अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या कार्यातून महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती होत होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. आवारात न राहता गावात परत जाण्याचा दित्तचा निर्णय मला या साऱ्या इतिहासाचा पाया वाटतो, कारण पुढे जे जे थोर घडले ते आवाराबाहेर घडले.

चिनाब नदीच्या कालव्याखाली पडीक जमीन लागवडीला आली तेव्हा मिशनांनी सरकारातून जमिनी मिळवून तेथे ख्रिस्ती शेतकऱ्यांचे चक वसवले. मार्टिनपूर, खुशपूर ही गावे त्यांतलीच. खुशपूर हे कॅथलिकांचे गाव, आणि ज्या दोन पुरुषांविषयी या प्रस्तावनेत पुढे विस्ताराने लिहावयाचे आहे ते बिशप जॉन जोसेफ आणि शाहबाज भट्टी या दोघांचीही घराणी या एकाच गावची. कराचीची गोष्ट निराळी. तेथे गोमंतकातून गेलेले ख्रिस्ती लोक रेल्वेत, जकातीच्या आणि तारेच्या खात्यांत, शाळांत आणि इस्पितळांत मानाच्या जागांवर होते. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कॉर्डेरो यांचा जन्म १९१८ साली आपल्या मुंबईतच झाला. पण गोमंतकीय मूठभर, आणि पंजाबी बहुसंख्य. त्या बहुसंख्यांच्या हातांतला झाडू धर्म बदलल्याने सुटला नाही, आणि सफाई कामगारांच्या जागा बिगर-मुसलमानांसाठीच आहेत असे स्पष्ट छापलेल्या सरकारी जाहिराती अगदी अलीकडेपर्यंत तेथे निघत आल्या आहेत. म्हणून तेथे ख्रिस्ती माणसाचा अपमान होतो तेव्हा धर्माचा अपमान कोठे संपतो आणि जातीचा कोठे सुरू होतो, हे सांगणे दुरापास्त असते.

१९४७ साली पंजाबची सीमा ठरवण्यासाठी नेमलेल्या मंडळापुढे दिवाण बहादुर एस. पी. सिंघा प्रभृती ख्रिस्ती पुढाऱ्यांनी आपल्या समाजाची गणना मुसलमानांबरोबर व्हावी अशी भूमिका मांडली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. म्हणजे हा समाज त्या राष्ट्रात नाइलाजाने राहून गेलेला नव्हता. त्याच्या पुढाऱ्यांनी ते राष्ट्र निवडले होते. त्याच वर्षी ११ ऑगस्टला घटना समितीपुढे बोलताना जीनांनी धर्म ही राज्याच्या कारभाराशी संबंध नसलेली गोष्ट होय, अशा आशयाचे आश्वासन दिले. जीना वर्षभरानंतर गेले, आणि मार्च १९४९ मध्ये संमत झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावाने राज्याचा पाया इस्लामवर ठेवला. पूर्व बंगालच्या हिंदू सभासदांनी त्याला कसून विरोध केला, पण तो बहुमतापुढे टिकला नाही. तरीही अल्पसंख्याकांना आपला धर्म मुक्तपणे आचरता येईल अशी हमी त्या ठरावात होती. १९८५ मध्ये जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत तो ठराव घटनेच्या अंगात घातला गेला तेव्हा त्या हमीतील मुक्ततेचा उल्लेख गळाला, आणि तो पुन्हा घालण्यास २०१० साल उजाडावे लागले. पंचवीस वर्षे ही गळती कायद्याच्या पुस्तकात तशीच छापली जात होती.

या पार्श्वभूमीवर न्यायमूर्ती ॲल्विन रॉबर्ट कॉर्नेलियस यांचे चरित्र मला विशेष मननीय वाटते. आग्र्यास १९०३ साली जन्मलेले, मुलकी सेवेतून न्यायखात्यात आलेले हे गृहस्थ १९६० ते १९६८ या काळात पाकिस्तानचे सरन्यायाधीश होते. ऑक्टोबर १९५४ मध्ये गव्हर्नर-जनरल गुलाम मुहंमद यांनी घटना समितीच बरखास्त केली, तेव्हा तिचे अध्यक्ष मौलवी तमीझुद्दीन खान यांनी सिंधच्या न्यायालयात दाद मागितली व तेथे ते जिंकले. परंतु १९५५ च्या मार्चमध्ये फेडरल कोर्टाने तो निकाल फिरवला. समितीच्या कायद्यांना गव्हर्नर-जनरलची संमती आवश्यक होती, ती नसल्यामुळे दाद देण्याचा न्यायालयाचा अधिकारच लटका ठरतो, असा तांत्रिक आधार त्यासाठी काढण्यात आला. त्या पीठात एकट्या कॉर्नेलियस यांनी विरोधी मत नोंदवले: घटना समिती सार्वभौम आहे, तिला कोणाच्या संमतीची गरज नाही. पाकिस्तानात पुढे वारंवार जे लष्करी अंमल आले त्यांचे बीज त्या बहुमताच्या निकालात अनेक विधिज्ञ पाहतात. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, एक ख्रिस्ती न्यायाधीश बंगालच्या एका मुसलमान पुढाऱ्याच्या बाजूने, निवडलेल्या सभेच्या हक्कासाठी एकटा उभा राहिला, आणि त्या मतपत्रात आपल्या समाजाचे काम म्हणून त्याने एक अक्षरही लिहिले नाही. श्रद्धेने सार्वजनिक जीवनात कसे वावरावे याचा याहून स्वच्छ नमुना मला सहसा आढळलेला नाही. ते पुढे जनरल याह्या खान यांचे कायदेमंत्री झाले, ही गोष्ट मला खटकते. पण तिने १९५५ चे मत उणे होत नाही.

आता कायद्याविषयी. १८६० च्या दंडसंहितेत धर्मस्थानांची विटंबना व उपासनेत अडथळा यांविषयीची कलमे होती. १९२७ साली लाहोरातील एका वादग्रस्त पुस्तिकेवरून उसळलेल्या प्रक्षोभानंतर त्यांत २९५-अ हे कलम घालण्यात आले, आणि ते फाळणीनंतर दोन्ही देशांना सारखेच वारशाने मिळाले. या जुन्या कलमांना हेतूची अट होती व शिक्षा मर्यादित होत्या. १९८० पासून झियांच्या अमदानीत त्यांच्यावर नवी कलमे चढत गेली: १९८२ मध्ये कुराणाच्या विटंबनेसाठी जन्मठेप, १९८४ मध्ये अहमदियांविरुद्ध खास मनाई, आणि १९८६ मध्ये २९५-क, ज्यात पैगंबरांच्या अवमानासाठी मृत्युदंड सांगितला आहे आणि आरोपीचा हेतू सिद्ध करण्याची अट मात्र नाही. १९९० साली शरियत न्यायालयाने जन्मठेपेचा पर्यायही काढून टाकला. या कलमाखाली न्यायालयाने दिलेला मृत्युदंड प्रत्यक्षात कोणालाही दिला गेलेला नाही. परंतु फिर्याद नोंदली जाताच आरोपीचे घर, त्याची गल्ली आणि कधी कधी त्याचे सारे गाव जमावाच्या स्वाधीन होते, त्यामुळे फाशीची वाट पाहण्याची गरजच उरत नाही.

फिर्याद कशी जन्माला येते, हे आसिया बीबीच्या खटल्यात जवळून पाहता येते. १४ जून २००९. नानकाना साहिब भागातील इत्तनवाली गावाच्या शेतात बाया फालसे खुडत होत्या. ऐन उन्हाळा. आसियाने पाणी आणले. एका ख्रिस्ती बाईच्या हातचे पाणी पिण्यास इतरांनी नकार दिला. शब्दाने शब्द वाढला. महाराष्ट्रातील वाचकाला, ज्याने महाडच्या चवदार तळ्याची हकीकत ऐकली आहे त्याला, पाण्याच्या भांड्याचा विटाळ म्हणजे काय हे समजावून द्यावयास नको. पाच दिवसांनी, म्हणजे १९ जूनला, गावच्या मशिदीच्या इमामाने, ज्याने ते भांडण स्वतः पाहिले वा ऐकले नव्हते त्याने, पैगंबरांच्या अवमानाची फिर्याद गुदरली. नोव्हेंबर २०१० मध्ये तिला मृत्युदंड झाला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला सोडले तेव्हा पाच दिवसांचा तो विलंब, साक्षीदारांच्या जबान्यांतील विसंगती आणि शेतात आधी झालेले पाण्याचे भांडण, या साध्या गोष्टीच निकालपत्रात निर्णायक ठरल्या. त्या साध्या गोष्टी नजरेस येण्यासाठी त्या शेतमजूर बाईला नऊ वर्षांहून अधिक काळ कैदेत काढावा लागला.

दरम्यान तिच्यासाठी दोन माणसे मारली गेली. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांनी तुरुंगात जाऊन तिची भेट घेतली आणि कायद्याच्या दुरुपयोगाविरुद्ध उघड बोलले. ४ जानेवारी २०११ रोजी इस्लामाबादेत त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि त्या अंगरक्षकाला न्यायालयात आणले तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. कायद्यात दुरुस्ती सुचवणारे शेरी रहमान यांचे विधेयक त्यानंतर पुढे सरकले नाही. अशा वेळी गप्प बसण्याला कोणी भ्याडपणा म्हटले नसते. मंत्रिमंडळातील एकमेव ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी गप्प बसले नाहीत, आणि २ मार्चच्या सकाळी आईच्या घरून निघताच त्यांची मोटार अडवून त्यांना ठार मारण्यात आले. त्यांचे वय बेचाळीस होते.

भट्टींविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण हौतात्म्याच्या तेजात त्यांचे दैनंदिन काम झाकले जाते. १९६८ साली जन्मलेल्या या अविवाहित गृहस्थाने विद्यार्थिदशेपासून अल्पसंख्याकांच्या संघटना बांधल्या. २००५ च्या भूकंपात उत्तरेकडील मुसलमान खेड्यांत मदत घेऊन गेले. आणि २००८ च्या नोव्हेंबरात मंत्री झाल्यावर त्यांनी जे केले ते एखाद्या कसलेल्या कारकुनाच्या चिकाटीने केले. केंद्रीय नोकऱ्यांत अल्पसंख्याकांसाठी पाच टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय त्यांच्या कारकीर्दीतला. जीनांच्या भाषणाचा ११ ऑगस्ट हा दिवस अल्पसंख्याकांचा राष्ट्रीय दिन म्हणून सरकारी पंचांगात आला तोही त्यांच्याच खटपटीने. येथे अल्पसंख्याक म्हणजे केवळ ख्रिस्ती नव्हेत. सिंधमधले हिंदू, शीख, पारशी अशा सर्वांच्या वतीने त्यांनी दफ्तरे हलवली, आणि धर्मनिंदेच्या कायद्याविषयी बोलताना त्याचा पहिला बळी गरीब मुसलमान आहे याकडेही ते लक्ष वेधीत. आपल्याला मारले जाईल याची त्यांना खात्री होती. मृत्यूनंतर प्रसृत व्हावे म्हणून त्यांनी एक निवेदन आधीच चित्रित करून ठेवले होते, आणि त्यात आपल्या ख्रिस्तनिष्ठेचा निर्वाळा देऊन पीडितांच्या हक्कांसाठी मरण्याची तयारी शांतपणे सांगितली होती. रोम येथे टायबर नदीच्या बेटावरील संत बार्थोलोम्यूच्या मंदिरात आधुनिक हुतात्म्यांच्या वस्तू जतन केल्या आहेत, त्यांत भट्टींचे पवित्र शास्त्र आहे. माझ्या मते त्याशेजारी त्या पाच टक्के जागांच्या सरकारी हुकुमाची एक प्रतही ठेवावयास हवी होती. त्यांचे बंधू पॉल भट्टी इटलीत शस्त्रवैद्य होते; तेथील सुखाचा व्यवसाय बाजूला ठेवून ते परतले आणि त्यांनी भावाच्या कामाची सूत्रे हाती घेतली.

बिशप जॉन जोसेफ यांच्या मृत्यूविषयी लिहिताना लेखणी अडखळते. फैसलाबादचे हे बिशप धर्मनिंदेचा आरोप आलेल्या गरिबांसाठी वर्षानुवर्षे झटत होते. एका अशिक्षित ख्रिस्ती मुलाला व त्याच्या चुलत्याला लाहोरच्या उच्च न्यायालयाने १९९५ साली निर्दोष सोडले. त्या खटल्यातील तिसऱ्या आरोपीचा खून निकालापूर्वीच, १९९४ साली, झालेला होता, आणि निकाल देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांनाही १९९७ साली गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर एप्रिल १९९८ मध्ये साहिवालच्या न्यायालयाने अयूब मसीहला मृत्युदंड सुनावला. ६ मे रोजी त्याच न्यायालयासमोर उभे राहून बिशपांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आत्महत्या ख्रिस्ती धर्मशास्त्राला मान्य नाही, आणि ती मान्य असावी असे मलाही वाटत नाही. परंतु ज्या मेंढपाळाच्या मेंढरांची एकही दरखास्त कोणी ऐकत नव्हते त्याच्या त्या शेवटच्या दरखास्तीवर न्यायनिवाडा करण्यास मी धजत नाही. चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने अयूब मसीहला सोडले, आणि फिर्यादीची नजर त्याच्या घराच्या जागेवर होती ही गोष्ट त्या वेळी उघडकीस आली.

आरोपांच्या या संथ छळाला २००१ पासून गोळीबार आणि बाँबस्फोट यांची जोड मिळाली. बहावलपूरच्या गिरजाघरात त्या वर्षी उपासकांवर गोळीबार झाला तेव्हा दारावरचा मुसलमान शिपाईही त्यांच्याबरोबर मेला. पेशावरचे ऑल सेंट्स चर्च १८८३ साली बांधलेले आहे. घुमट आणि मिनार यांमुळे दुरून पाहणाऱ्याला ते मशिदीसारखे दिसते, आणि परक्या मातीत तिच्याच शैलीने उभे राहण्याची बांधणाऱ्यांची इच्छा त्यात उघड दिसते. २२ सप्टेंबर २०१३ च्या रविवारी उपासना संपली, लोक अंगणात आले, जेवणाचे वाटप सुरू होते, आणि दोन आत्मघातकी हल्लेखोरांनी स्वतःला उडवून दिले. ऐंशीहून अधिक माणसे मेली. पुढच्याच महिन्यात लाहोरात मुसलमान स्त्रीपुरुषांनी हातात हात धरून एका गिरजाघराभोवती साखळी केली. त्याहून मोलाची गोष्ट मला वाटते ती न्यायमूर्ती तसद्दुक हुसेन जिलानी यांचे १९ जून २०१४ चे निकालपत्र. पेशावरच्या स्फोटातून उद्भवलेल्या प्रकरणात त्यांनी प्रश्न पोलीस बंदोबस्तापुरता ठेवला नाही. घटनेच्या विसाव्या कलमाचा व्यापक अर्थ लावून पाठ्यपुस्तकांतील द्वेष, नोकऱ्यांतील राखीव जागा, उपासनास्थानांसाठी स्वतंत्र दल आणि अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रीय मंडळ, अशा सर्व बाबतींत सरकारला आज्ञा केल्या. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २०१९ मध्ये तिच्या देखरेखीसाठी न्यायालयाला एकसदस्य आयोग नेमावा लागला. तरीही तो निकाल देशाच्या दप्तरी आहे, आणि पुढची प्रत्येक फिर्याद त्याचा हवाला देऊ शकते.

हे सारे लिहीत असताना मराठी वाचकाच्या मनात एक आक्षेप उठल्यावाचून राहणार नाही, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिक होईल. धर्मस्वातंत्र्य मागणाऱ्या या धर्माने स्वतः गोमंतकात काय केले? १५६० पासून, मधला अल्प खंड वगळता, १८१२ पर्यंत तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन होते. त्याच सुमारास मंगेशी आणि शांतादुर्गा यांच्या मूर्ती भक्तांनी पोर्तुगीज मुलखाबाहेर, अंत्रुज महालात नेल्या, आणि शेकडो घराणी घरदार सोडून दक्षिणेस गेली. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर म्हणून कोणतेही समर्थन मला सुचत नाही व सुचू नये. उपासना ही स्वेच्छेचीच असली पाहिजे आणि ती मनुष्यमात्राचा हक्क आहे, असे कार्थेजच्या तेर्तुल्लियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमन सुभेदार स्कापुला याला लिहून कळवले होते. छळ सोसणाऱ्या मंडळीला सुचलेला तो विचार सत्ता हाती आल्यावर तिच्या स्मरणातून गेला, आणि कॅथलिक चर्चने तो अधिकृतपणे सर्वांसाठी मान्य केला तो ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्यात. म्हणूनच भट्टींनी हिंदूंसाठी हलवलेली दफ्तरे मला इतकी महत्त्वाची वाटतात. ज्या धर्माच्या अनुयायांनी एके काळी शेजाऱ्याचा हक्क हिरावला, त्या धर्माच्या माणसाने स्वतःपुरता हक्क मागणे अपुरे आहे.

क्षमेचा प्रश्न शेवटी घेतो, कारण तेथे विचाराचा घोळ सर्वांत जास्त होतो. ज्याच्यावर घाव पडला त्यानेच क्षमा करावयाची. ती राज्याला उसनी देता येत नाही, आणि राज्याने ती परस्पर वापरून आपले कर्तव्य टाळणे हा त्या क्षमेचाच अपमान आहे. ओरिसातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदा येथील महारोग्यांची सेवा कित्येक वर्षे चालू ठेवली. खटला मात्र आपल्या वाटेने चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. या दोन गोष्टींत विरोध नाही. ग्लॅडिसबाईंची क्षमा त्यांच्या मनाची होती, आणि शिक्षा समाजाच्या वतीने होती.

लाहोरच्या युहानाबाद या ख्रिस्ती वस्तीत मात्र हा हिशेब इतका सरळ राहिला नाही. १५ मार्च २०१५ च्या रविवारी तेथील दोन गिरजाघरांवर हल्ला झाला. कॅथलिक मंदिराच्या फाटकावर आकाश बशीर हा वीस वर्षांचा तरुण स्वयंसेवक पहाऱ्यावर होता. अंगाला स्फोटके बांधलेल्या माणसाला त्याने मिठीत धरून तेथेच अडवले, आणि दोघेही मेले. आत शेकडो माणसे होती. चर्चने त्याला संतपदाच्या पहिल्या पायरीवर मान्यता दिली आहे, आणि ती सर्वथा योग्य आहे. परंतु त्याच वस्तीत, त्याच सकाळी, संतापलेल्या ख्रिस्ती जमावाने दोन मुसलमान माणसांना हल्लेखोरांचे साथीदार समजून बेदम मारले आणि जाळले. दोघेही निरपराध होते. एक काचकामाचा छोटा धंदा करणारा. आकाशची गोष्ट सांगताना ही दुसरी गोष्ट गाळणारी पुष्कळ पुस्तके व व्याख्याने माझ्या पाहण्यात आली आहेत, आणि त्या गाळण्याने आकाशचाच अपमान होतो असे माझे मत आहे, कारण त्याने जे केले ते किती अवघड होते हे त्या जमावाकडे पाहिल्यावरच कळते. पकडलेल्या ख्रिस्ती लोकांनी जवळजवळ पाच वर्षे तुरुंगात काढली, काही तेथेच मरण पावले, आणि मृतांच्या मुसलमान वारसांशी समेट झाल्यानंतर जानेवारी २०२० मध्ये उरलेल्यांची सुटका झाली. पाकिस्तानच्या कायद्यात खुनाच्या बाबतीत वारसांना माफी देता येते. ती माफी देणारे या वेळी मुसलमान होते आणि घेणारे ख्रिस्ती. त्या समेटाला क्षमा म्हणावे की तो न्यायालयाबाहेरचा एक व्यवहार समजावा, याविषयी या संग्रहातील दोन लेखकांचे एकमत झालेले नाही, आणि दोघांचेही म्हणणे मी जसेच्या तसे राहू दिले आहे.